सर्व्हिस पॅक टाकायचाय : आखाजीची सुट्टी धरू का? आणि आधी काय काय तपासून घेऊ?

डाळमिल_आयटी (जळगाव)
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं संगणकाचं सगळं काम मी बघतो. सोबत एक शिकाऊ मुलगा आहे. आमच्या ईआरपीचा (मिलचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१६ स्टँडर्डवर चालतो, खाली विंडोज सर्व्हर २०१२ आर२. आवृत्ती विचारली की १३.०.५०२६ येतं, म्हणजे सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा एकत्र गठ्ठा) २. ईआरपीवाल्यांनी कळवलंय की त्यांचं पुढचं अपडेट सर्व्हिस पॅक ३ असल्याशिवाय बसणार नाही.

गेटवरचा वजनकाटा, खरेदीची बिलं, विक्री, ई-वे बिलाची माहिती, सगळं याच एका सर्व्हरवर आहे. काटा बंद पडला की गेटपासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागते, त्यामुळे चालू दिवशी हात लावता येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मिल बंद असते, हमाल आणि कामगार गावी गेलेले असतात. तेव्हाच उरकावं असं डोक्यात आहे. तर दिवस बरोबर आहे का? आणि सेटअप चालवायच्या आधी काय काय तपासून ठेवावं? सर्व्हर आधीच्या माणसाने उभा केलेला आहे, तो आता पुण्याला असतो.

तापीकाठ
बॅकप शे का भो?

डाळमिल_आयटी
आहे दादा. रोज रात्री पूर्ण बॅकअप होतो, डी ड्राइव्हवर. आठवड्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी.

तापीकाठ
शे ते ठीक, पन कधी रिस्टोर करी देखा का? दुसऱ्या मशीनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत?

प्रश्न खोचक वाटेल, पण मनापासून विचारतोय. मी चाळीसगावकडच्या एका जिनिंगला सेवा द्यायला जातो. तिथे बॅकअपची फाईल रोज तयार व्हायची, तारीख ताजी, साईजही बरोबर. हार्डडिस्कवर कॉपी होताना मात्र फाईल अर्धवट जात होती, कारण डिस्क जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. कोणी उघडून बघितलंच नव्हतं. कापसाचा हंगाम ऐन भरात असताना गरज पडली असती तर मालकाला काय सांगितलं असतं?

तेव्हा भाऊ, आधी एका साध्या पीसीवर एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची डेव्हलपर आवृत्ती टाक. चाचणीसाठी ती फुकट आहे. त्यावर हार्डडिस्कवरचा बॅकअप रिस्टोर कर. डी ड्राइव्हवरचा नाही, हार्डडिस्कवरचा. मग डीबीसीसी चेकडीबी चालव, म्हणजे डेटाबेस आतून धड आहे का ते कळतं. हे झाल्याशिवाय तारीखच ठरवू नको.

सातपुडा_पायथा (शहादा)
माझं मत वेगळं आहे. चालत्या सर्व्हरला हात का लावायचा? १९ जुलै २०२४ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. एका सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले लोकांनी. ईआरपीवाल्यांना सांगा, आहे त्याच आवृत्तीवर आधार द्या.

भुसावळ_जंक्शन
दादा, ते उदाहरण इथे लागू पडत नाही. ते अपडेट आपोआप, सगळीकडे एकाच वेळी गेलं. ग्राहकाला थांबून बघायची संधीच मिळाली नाही. इथे तर हा भाऊ आधीच तयारी विचारतोय.

आणि उलटं उदाहरणही आहे. मार्च २०१७ मध्ये विंडोजचा पॅच आला होता, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाईली अडवून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं. ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत पॅच टाकला ते वाचले. एसक्यूएल २०१६ चे सुरक्षा पॅच आता सर्व्हिस पॅक ३ वरच बसतात. सर्व्हिस पॅक २ वर बसून राहिलात तर ते मिळायचेच नाहीत.

सातपुडा_पायथा (शहादा)
मुद्दा मान्य. पण मग सरळ २०२२ ला का जाऊ नये? २०१६ चा आधार १४ जुलै २०२६ पर्यंतच आहे. एवढी मेहनत करून जुन्यावरच राहायचं?

डाळमिल_आयटी
विचार केला होता दादा. एसक्यूएल २०२२ ला किमान विंडोज सर्व्हर २०१६ लागतं. आमचं २०१२ आर२, म्हणजे सर्व्हरच नवा घ्यावा लागेल. मालकांशी बोलणं चालू आहे, पण ते दिवाळीच्या आधी होईल असं वाटत नाही. तोवर ईआरपी तर चालवायचीय.

भुसावळ_जंक्शन
२०१२ आर२ चा आधार तर १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला आहे. मालकांसमोर ती तारीख ठेव, बोलण्याला वजन येईल. पण सर्व्हिस पॅकचं काम त्यासाठी थांबवू नको.

पूर्वा_धुळे
धागा आवडला. मी धुळ्यातून अवधान एमआयडीसी आणि शिरपूरकडच्या काही कारखान्यांचे डेटाबेस सांभाळते. जरा मोठं लिहिते.

एक चांगली गोष्ट म्हणजे सर्व्हिस पॅकमध्ये मागचं सगळं सामावलेलं असतं, म्हणून २ वरून ३ थेट टाकता येतो, मधली छोटी अपडेट शोधत बसायची गरज नाही. तसंच २०१६ हीच सर्व्हिस पॅक मिळालेली शेवटची आवृत्ती. २०१७ पासून ती पद्धत मायक्रोसॉफ्टने बंद केली, तिथे फक्त क्युम्युलेटिव्ह अपडेट (मागचं सगळं धरून येणारी अपडेट) येतात. म्हणजे हे काम या सर्व्हरवर पुन्हा करावं लागणार नाही, फक्त त्यावरचे सुरक्षा पॅच टाकायचे.

तापीकाठ दादांनी सांगितलं ते शंभर टक्के करा. पण ते पुरेसं नाही. वेगळ्या पीसीवरच्या चाचणीत तुमचा डेटा नीट आहे हे कळतं, तुमच्या सर्व्हरची दुखणी कळत नाहीत. सर्व्हिस पॅक फसतो तो बहुतेक वेळा त्या मशीनच्या इतिहासामुळे.

मी पाहिलेलं सांगते. एका कारखान्यात जुनी डिस्क काढून डेटाबेस नव्या डिस्कवर नेले होते. सगळं वर्षभर छान चाललं. पण सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये डेटा आणि लॉगचा डीफॉल्ट पाथ जुन्या ड्राइव्हचाच राहिला होता, जो आता अस्तित्वात नव्हता. रोजच्या कामात तो पाथ लागतच नाही. सर्व्हिस पॅकची फाईल बसली, आणि नंतर सेवा सुरू होताना आतल्या अपग्रेड स्क्रिप्टने तिथे तात्पुरता डेटाबेस बनवायचा प्रयत्न केला. पाथ नाही, स्क्रिप्ट अडली, सेवा बंद. एररलॉगमध्ये ९१२ नंबरची चूक, 'मास्टर डेटाबेसचं स्क्रिप्ट लेव्हल अपग्रेड फेल'. बघणाऱ्याला वाटतं मास्टरच, म्हणजे सर्व्हरचा मुख्य डेटाबेसच, गेला. तिथल्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

उपाय आहे. सेवा ट्रेस फ्लॅग ९०२ देऊन सुरू करायची, म्हणजे ती स्क्रिप्ट वगळली जाते. पाथ दुरुस्त करायचा, फ्लॅग काढायचा, सेवा पुन्हा सुरू करायची, मग स्क्रिप्ट पूर्ण होते. पण रात्री अकराला हे शोधण्यापेक्षा आज दुपारी पाथ बघा. तो फोल्डर खरोखर आहे का, आणि एसक्यूएलच्या सेवेच्या खात्याला तिथे लिहायचा अधिकार आहे का.

दुसरी जागा म्हणजे सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं इन्स्टॉलर नावाचं लपलेलं फोल्डर. डिस्क भरली की कोणीतरी 'जागा खातंय' म्हणून ते साफ करतं. त्यात आधीच्या इन्स्टॉलेशनच्या एमएसआय आणि एमएसपी फाईली असतात आणि सर्व्हिस पॅकला त्या लागतात. नसतील तर सेटअप मध्येच थांबतो. तुमचा सर्व्हर आधीच्या माणसाने सांभाळला आहे, म्हणून हे नक्की तपासा. फाईली गहाळ असतील तर मूळ डीव्हीडीवरून आणि जुन्या सर्व्हिस पॅकमधून परत ठेवता येतात. त्यासाठी ती मूळ आयएसओ (त्या डीव्हीडीची फाईल) हाताशी हवी.

आणि आखाजीला मी नाही म्हणेन. कारण नंतर लिहिते, आता मीटिंग आहे.

केळीबाग_रावेर
ताई, आखाजीला कोण काम करतं हो! पोरी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, सांजोऱ्यांचा डबा समोर असतो. आमच्या केळीच्या गाड्या मात्र त्या दिवशीही भरतात, माल कोणाची वाट बघत नाही. आमचं सॉफ्टवेअर एका छोट्या पीसीवर आहे, नाहीतर आम्हाला सुट्टी सापडलीच नसती.

तापीकाठ
रावेरवाले भाऊ, सांजोऱ्या पाठवा, मग सर्व्हर तपासायला मी स्वतः येतो.

केळीबाग_रावेर
या की. वर केळीचे वेफर्सही देतो.

डाळमिल_आयटी
पूर्वाताई, जेवणानंतर लगेच जाऊन बघितलं. डीफॉल्ट पाथ ई ड्राइव्हचा आहे. ई ड्राइव्ह सर्व्हरला नाहीच! डेटाबेस सगळे एफवर आहेत. पाथ बदलला. बदल लागू व्हायला सेवा पुन्हा सुरू करावी लागते ना? आज रात्री काटा बंद झाल्यावर करतो. तुमचे किती आभार मानू कळत नाही.

पूर्वा_धुळे
हो, सेवा रीस्टार्ट लागेल. बरं झालं आजच दिसलं.

आता आखाजीबद्दल. मिल बंद असते म्हणजे बाकीचंही बंद असतं. ईआरपीवाल्यांचा माणूस फोनवर मिळणार नाही, यूपीएसवाला मिळणार नाही, जनरेटरचा ऑपरेटर गावी. शिवाय ऐन उन्हाळा. जळगावात पारा ४५ च्या आसपास गेला की सर्व्हर रूमचा एसी आधीच जिवावर उदार असतो. पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी महावितरण वीज बंद ठेवतं तेही त्याच सुमारास. सर्व्हिस पॅक अर्ध्यात असताना वीज गेली तर सावरणं फार त्रासाचं होतं.

त्यापेक्षा साधा शनिवार घ्या, संध्याकाळी काटा बंद झाल्यावर. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. या दोन्हींच्या मधला शनिवार, म्हणजे हिशेबवाले मोकळे असतात. रविवार हातात राहतो आणि सोमवारी माणसं जागेवर असतात.

भुसावळ_जंक्शन
ताईंशी सहमत. एक भर घालतो. दुसऱ्या पीसीवर नुसता डेटा रिस्टोर करण्यापेक्षा आख्ख्या सर्व्हरचीच नक्कल करता येते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी नावाचं छोटं साधन आहे, चालू मशीनवरून व्हीएचडी फाईल, म्हणजे डिस्कची प्रत, बनवतं. ती हायपर-व्हीमध्ये (आभासी मशीन चालवायची विंडोजची सोय) उभी करा आणि तिच्यावर सर्व्हिस पॅक चालवून बघा. तोच इतिहास, तेच इन्स्टॉलर फोल्डर, तेच पाथ. ताई म्हणाल्या ती दुखणी तिथेच दिसतील.

फक्त नक्कल सुरू करायच्या आधी तिचं नेटवर्क कार्ड काढून टाका. विसरू नका. तिचं नाव आणि आयपी मूळ सर्व्हरचंच असतं, आणि तिच्यातला एसक्यूएलचा एजंट ठरलेल्या वेळी जॉब चालवतो. व्यापाऱ्यांना उधारीचे एसएमएस दुसऱ्यांदा गेले तर फोन उचलता उचलता दिवस जाईल.

सातपुडा_पायथा (शहादा)
सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर एवढं कशाला? स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या, टाका, बिघडलं तर मागे या. दोन मिनिटांचं काम.

पूर्वा_धुळे
दादा, स्नॅपशॉट सोबतीला चांगला, बॅकअपच्या जागी नाही. तो त्याच डिस्कवर असतो. आणि समजा रविवारी सगळं ठीक वाटलं, सोमवारी काटा सुरू झाला, दुपारी बिघाड कळला. मागे गेलात तर सोमवारची सगळी आवक पुसली जाईल. गेटबाहेर उभ्या शेतकऱ्याच्या गाडीचं वजन परत कुठून आणणार?

म्हणून मी दोन गोष्टी लिहून ठेवायला सांगते. एक, मागे फिरायची वेळ. शनिवारी रात्रीच ठरवायचं की रविवारी अमुक वाजेपर्यंत सेवा उभी राहिली नाही तर दुरुस्तीचा नाद सोडून बॅकअपवरून नव्याने उभं करायचं. रिस्टोरला किती वेळ लागतो हे तुम्हाला चाचणीतून कळलेलं असेल, त्यावरून ही वेळ काढा. रात्री जागून थकलेल्या माणसाने ती वेळ ठरवू नये. दोन, सोमवारी काटा नाही चालला तर काय? छापील काटा पावतीचं पुस्तक, क्रमांक असलेलं, गेटवर द्या. ई-वे बिल सरकारी पोर्टलवर हाताने भरता येतं. तिथला लॉगिन कोणाकडे आहे ते आधी विचारून ठेवा.

तापीकाठ
ताई, हे पावतीपुस्तकाचं सोन्यासारखं सांगितलं. आपण सर्व्हरचाच विचार करत बसतो, गेटवरचा माणूस आठवत नाही.

डाळमिल_आयटी
ठरलं. आखाजी रद्द, १२ ते १८ मधला शनिवार. मालकांना सांगितलं, त्यांनी गेटसाठी पावतीपुस्तकं छापायला दिलीसुद्धा. डिस्क२व्हीएचडीने नक्कल केली, नेटवर्क कार्ड काढून. नकलेवर सर्व्हिस पॅक बसला, पण आधी सेटअपने 'रीस्टार्ट बाकी आहे' म्हणून अडवलं. कोणत्या तरी प्रिंटरच्या ड्रायव्हरचं राहिलेलं होतं. म्हणजे खऱ्या सर्व्हरलाही सेटअपआधी एकदा रीस्टार्ट देतो.

एक शंका : सिस्टम डेटाबेसचाही बॅकअप घ्यायचा का? आमच्या रोजच्या जॉबमध्ये फक्त ईआरपीचा आहे.

पूर्वा_धुळे
घ्यायचाच. मास्टर, एमएसडीबी आणि मॉडेल. सगळे लॉगिन मास्टरमध्ये असतात, जॉब आणि वेळापत्रक एमएसडीबीमध्ये. आणि लक्षात घ्या, मास्टरचा बॅकअप ज्या आवृत्तीवर घेतला त्याच आवृत्तीवर रिस्टोर होतो. सर्व्हिस पॅक २ वरचा मास्टर ३ वर चालणार नाही. म्हणून काम झाल्यावर तिन्हींचा पुन्हा ताजा बॅकअप घ्या.

बॅकअप 'विथ चेकसम' घ्या, म्हणजे बिघाड असेल तर कळतो. मधला जादा बॅकअप असेल तर 'कॉपी ओन्ली' लिहा, म्हणजे तुमची डिफरन्शियलची (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांच्या बॅकअपची) साखळी तुटत नाही. सेटअपची फाईल नेटवर्कवरून चालवू नका, सर्व्हरच्याच डिस्कवर उतरवा. ईआरपीच्या सेवा आणि एजंटचे जॉब आधी थांबवा, कोणी उशिरापर्यंत बसून एंट्री करत नाही ना ते प्रत्यक्ष जाऊन बघा.

शेवटची गोष्ट. सेवा सुरू झाल्यावर लगेच जोडायला गेलात तर 'सर्व्हर स्क्रिप्ट अपग्रेड मोडमध्ये आहे, फक्त ॲडमिनिस्ट्रेटर जोडू शकतो' असा १८४०१ नंबरचा संदेश येऊ शकतो. घाबरून सेवा बंद करू नका, मशीनही रीस्टार्ट करू नका. एररलॉग उघडून शांत बसा. 'रिकव्हरी इज कम्प्लीट' ही ओळ आली की मग जोडा.

भुसावळ_जंक्शन
आणि अँटीव्हायरसमध्ये एमडीएफ, एलडीएफ, बीएके या डेटा, लॉग आणि बॅकअपच्या फाईली वगळल्या आहेत का तेही बघ.

केळीबाग_रावेर
मला यातलं निम्मं कळत नाही, पण वाचतोय. शनिवारी कळवा भाऊ, चैन पडणार नाही.

डाळमिल_आयटी
मंडळी, झालं. आवृत्ती १३.०.६३०० दाखवतोय. १८४०१ चा संदेश खरंच आला. आमचा शिकाऊ मुलगा रीस्टार्टला हात घालणार, तेवढ्यात त्याला ताईंची पोस्ट मोबाईलवर वाचायला दिली. थोड्याच वेळात सेवा मोकळी झाली. सेटअपच्या लॉगमधली समरी फाईल वाचली, सगळे भाग 'पास्ड'. इंजिनसोबत रिपोर्टिंग सर्व्हिसेसही (अहवाल काढणारा भाग) वर गेलं. काट्यावर रिकामी गाडी उभी करून पावती काढली, बिल काढलं, महिन्याचा साठा अहवाल काढून आधीच्या छापील प्रतीशी ताडून बघितला. मास्टर, एमएसडीबी, मॉडेल आणि ईआरपीचा ताजा बॅकअप घेतला, एक प्रत मालकांच्या घरी. सोमवारी सकाळी मी काट्यावरच उभा राहणार आहे, पावतीपुस्तक हातात घेऊन.

सातपुडा_पायथा (शहादा)
अभिनंदन भाऊ. मी विरोधात होतो, पण अशा तयारीने होणार असेल तर माझ्या इथल्या सर्व्हरचंही मनावर घेतो. ई ड्राइव्हची गोष्ट वाचून पहिलं तेच तपासलं. आमचं ठीक निघालं.

मिरची_नंदुरबार
उशिरा आलो. आमच्या मिरचीच्या व्यापाराचं सॉफ्टवेअर एसक्यूएल एक्सप्रेसवर, म्हणजे फुकटच्या छोट्या आवृत्तीवर, आहे. त्यात एजंटच नाही, मग रोजचा बॅकअप आपोआप कसा घ्यायचा? आत्तापर्यंत मुनीम संध्याकाळी बटण दाबतो, सुट्टीवर गेला की राहून जातं.

तापीकाठ
एक्सप्रेसला विंडोजचा टास्क शेड्युलर वापरा दादा. बॅकअपची आज्ञा एका फाईलमध्ये लिहा, एसक्यूएलसीएमडी या साधनाने ती चालवा, आणि शेड्युलरमध्ये रात्रीची वेळ द्या. फाईलच्या नावात तारीख टाका म्हणजे कालच्यावर आजचा लिहिला जाणार नाही. एसक्यूएलसीएमडीला बी हा पर्याय द्या, म्हणजे चूक झाली तर शेड्युलरला कळेल, नाहीतर तो 'यशस्वी'च दाखवतो. एक्सप्रेसच्या २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांना एका डेटाबेसची १० जीबीची मर्यादा आहे, तुमचा किती झालाय तेही बघून घ्या. उद्या फाईलचा नमुना इथेच टाकतो. मुनीमजींनाही दाखवा, त्यांना रोजची काळजी राहणार नाही.

मिरची_नंदुरबार
७ जीबी दाखवतोय. नमुन्याची वाट बघतो.